दादांच्या मणक्यातलं सिमेंट

माझे वडील, दादा, काष्टीचे गवंडी. गावातली निम्मी घरं त्यांनी बांधलेली आणि उरलेल्यांना नावं ठेवलेली. नव्वदचं दशक संपत आलं होतं, तेव्हाची गोष्ट. मी नगरला शाळेत शिकवत होते. दादा मला भेटायला एसटीने निघाले आणि जागा मिळाली ती अगदी मागच्या बाकावर. वाटेत चालकाला गतिरोधक दिसला नाही. दादा वर उडाले आणि बाकावर आपटले.

माझ्या दारात आले ते दोघा अनोळखी माणसांच्या खांद्यावर. शेजारीपाजारी म्हणाले, उसण भरली. मग लेप झाले, शेक झाले. शेवटी समोरच्या पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेल्या काकूंनी पाठीला तीनदा हलकेच पाय लावला. दादांचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता, पण दुखणंच तसं होतं. एकदा मी त्यांना उठवून बसवताना त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला, की बोटं उमटली. डोळ्यांत पाणी होतं.

"चुन्याची कनी गेली आसंल," ते म्हणाले. एसटीत आपटल्यापासून त्यांनी चुन्याला हात लावला नव्हता.

एक्स-रेमध्ये कंबरेच्या वरचा एक मणका दबून चपटा झालेला दिसला. पट्टा, गोळ्या, सगळं करून झालं. मग नगरच्या डॉक्टरांनी पुण्याची चिठ्ठी दिली. तिथे नवीनच उपचार सुरू झाला होता. कापाकापी नाही, पाठीतून जाड सुई घालायची आणि खचलेल्या मणक्यात सिमेंट भरायचं.

काष्टीहून आलेल्या आईने पदर तोंडाला लावला. दादा मात्र दोन महिन्यांत पहिल्यांदाच खुलले.

"कुठल्या कंपनीचं?" त्यांनी पुण्याच्या डॉक्टरांना विचारलं.

"आजोबा, हे हाडांचं वेगळं असतं."

"आनि वाळू?"

"वाळू नसते. पाणीसुद्धा नसतं. पावडरीत एक द्रव मिसळतो."

दादांनी माझ्याकडे असं पाहिलं, की या माणसाला घर बांधायला देऊ नकोस.

जागा फक्त बधिर केली होती, त्यामुळे पालथे पडलेले दादा शुद्धीत होते. डॉक्टर आत सिमेंट कालवताना सहकाऱ्याला म्हणाले, "अजून पातळ आहे." तर चादरीखालून आवाज आला, "घाई करू नका. पातळ माल वघळ काढतो." डॉक्टरांनीच हे आम्हाला बाहेर येऊन सांगितलं. सांगताना ते हसत होते, पण माल पातळ असतानाच भरला असता तर तो बाहेर झिरपला असता, हेही त्यांनी कबूल केलं.

संध्याकाळी त्यांना उठवून बसवलं. दादा दोन्ही हात पसरून बसले, कळ यायची वाट बघत. ती आली नाही.

"चला, चार पावलं टाका," डॉक्टर म्हणाले.

"एकवीस दिवस तरी माल पिकू द्या की."

"ते पंधरा मिनिटांत घट्ट होतं, आजोबा."

"पंधरा मिन्टांत घट्ट झालेला माल मी जन्मात बगितला न्हाई," म्हणत दादा पुन्हा आडवे झाले. दुसऱ्या दिवशी नगरला आणलं तेही गाडीत झोपवूनच. घरी पलंग धरला तो सोडेनात. आई म्हणाली, "आवो, मग पानी मारू का पाठीवर?" ते गंभीरपणे म्हणाले, "आतून मारता आलं आस्तं, तर मार म्हनलं आस्तं."

पाचव्या दिवशी समोरच्या प्लॉटवर कुंपणाची भिंत सुरू झाली. पलंग खिडकीशीच होता. दादा तासभर पडून बघत होते.

"बाय, ती भित रस्त्याकडं झुकली हाय."

"असू द्या, दादा."

"आसू द्या कसं?"

मी चहा ठेवायला आत गेले. परत आले तर पलंग रिकामा. पट्टा न बांधता, अनवाणी, दादा रस्ता ओलांडून ताठ उभे होते आणि त्या गवंड्याच्या हातून ओळंबा काढून घेत होते.