धाकल्या ड्रायव्हर फिट आहे

आशागडच्या पलीकडच्या पाड्यावर धाकल्याला त्याच्या नावाने हाक मारणारं फारसं कुणी उरलं नव्हतं. डहाणू रोडच्या एका शाळेची पिवळी बस त्याच्या हाती आली, तेव्हापासून तो बसवाला. त्याला ते आवडायचं. बापाने शेवटच्या पोराला नाव शोधायचा कंटाळा केला आणि धाकल्या म्हणून मोकळा झाला. बसवाला हे नाव मात्र त्याने स्वतः कमावलं होतं.

गाडी कशी चालवायचा म्हणाल, तर संध्याकाळी घरी येताना निम्मी पोरं झोपलेली असायची. मसोली सोडली की रस्ता असा उखडलेला, की पोटातलं अन्न डोक्यात जावं. पण धाकल्याच्या ब्रेकने झोपलेल्या पोराची मान कधी सीटवरून घसरली नाही. उतरलेल्या पोराचा हात आईच्या हातात गेल्याशिवाय त्याची गाडी हलायची नाही. आई उशिरा आली तर तो तिला शिव्या घालायचा, पण थांबायचा.

त्या वर्षी त्याच्या लायसनची मुदत संपत होती आणि शाळेत नव्या मोठ्या बाई आल्या होत्या. बाईंना सगळं कागदावर लागायचं. त्यांनी ड्रायव्हरांना ऑफिसात बोलावलं.

"लायसनला मेडिकल लागतं. यंदा डॉक्टर शाळेतच येणार आहेत. मला सगळे ड्रायव्हर फिट पाहिजेत. फिट नसेल त्याला स्टेअरिंग नाही."

धाकल्या घरी येऊन बायकोला म्हणाला, "जयवंती, बाईला फिट माणूस पाहिजे."

"मग तुझ्यापेक्षा फिट कोण?" जयवंती म्हणाली. "टोपल्यात भाकर उरू देत नाहीस."

तपासणीच्या दिवशी त्याने दाढी केली, केसांना तेल चोपडलं, लग्नातला सदरा घातला. म्हाताऱ्या नवरदेवासारखा दिसत होता. डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, ती वाचली. ठिपक्यांमधला आकडा ओळखायला सांगितला, तो ओळखला. कानामागे घड्याळ धरलं, तेही ऐकू आलं. मग त्याला शेजारच्या टेबलावर पाठवलं. तिथे डॉक्टरांची मदतनीस बसली होती, प्राजक्ता नावाची. तोंडावर मास्क, मान खाली, बोट मोबाइलवर. तिच्यापुढे ड्रायव्हर म्हणजे एकामागून एक येणारे सदरे होते.

"शुगर?"

"नाय."

"बीपी?"

"नाय."

"दम लागतो?"

"नाय."

"दारू?"

धाकल्या जरा अडखळला. "सणाला."

"फिट?"

ह्याच सवालाची तर तो सकाळपासून वाट बघत होता. त्याने छाती पुढे काढली. "हो मॅडम! एकदम फिट!"

प्राजक्ताने पहिल्यांदा मान वर केली. "कधीपासून?"

"लहानपणापासून!"

"औषध काय घेता?"

"औषध कशाला? जन्मात गोळी गिळली नाय."

"औषध न घेता गाडी चालवता? कधी कधी की नेहमी?"

"बाराही महिने, मॅडम," धाकल्या म्हणाला. तिचे डोळे मोठे झालेले पाहून त्याला वाटलं, पोरीवर छाप पडली.

दुपारी मोठ्या बाईंनी त्याच्याकडून बसची चावी मागून घेतली.

"काका, एवढी मोठी गोष्ट तुम्ही लपवलीत? माझ्या शाळेची मुलं असतात तुमच्या गाडीत!"

"काय लपवला मी?"

"तुम्हाला फिट येते. तुम्हीच सांगितलंत, लहानपणापासून येते, औषधही घेत नाही."

धाकल्याच्या डोक्यात उजेड पडला आणि तो हसायला लागला. फिट! पाड्यावरचे जुने लोक त्याला मिरगी म्हणतात, हल्लीचे फिट म्हणतात. त्याला काय ठाऊक नव्हतं? पण बाईंनीच तर सांगितलं होतं, फिट पाहिजे!

"बाई, मी ह्या फिटचं बोललो, त्या फिटचं नाय!"

ऑफिसात दुसरं कुणी हसलं नाही. मग त्याचंही हसू हळूहळू तोंडातच वाळलं.

प्राजक्ता म्हणाली, "काका, ते मोबाइलवरून वर गेलं. आता माझ्याकडून बदलत नाही." डॉक्टर म्हणाले, "काम जातंय म्हटलं की सगळेच नाही म्हणतात. मी रोज बघतो." आणि डोक्याची तपासणी करून आणायला सांगितलं. त्या डॉक्टरांना दोष तरी कसा द्यावा? त्यांनी धाकल्याचे डोळे तपासले, कान तपासले. त्याचं बोलणं ऐकणं त्या तपासणीत नव्हतं.

त्या संध्याकाळी आशागडची पोरं दुसऱ्या ड्रायव्हरने, मुकेशने, आणून सोडली. आयांनी विचारलं, बसवाला कुठे? मुकेश माणूस वाईट नव्हता, फक्त तोंडाला झाकण नव्हतं. "त्याला फिटचा काहीतरी निघालाय," एवढंच बोलला. तेवढं पुरलं.

दिवा लागायच्या आत जानी दारात उभी. जानी म्हणजे धाकल्याच्या बरोबरीने गुरं राखलेली शेजारीण. तिची नात रोज त्याच्या बसने जायची.

"काय रे धाकल्या, माझी पोर तुझ्या गाडीत बसायची! देवानं राखली."

बऱ्याच वर्षांनी त्याला कुणी धाकल्या म्हटलं होतं.

"जाने, तुझ्यासंगती मी लहानाचा मोठा झालो. मला कधी फिट येताना बघितलीस?"

"नाय बघितली," जानी म्हणाली. "म्हणून तर जास्त भीती वाटते."

मग एकेकाला जुनं जुनं आठवायला लागलं. भावाच्या लग्नात नाचता नाचता धाकल्या मटकन खाली बसला होता, ते आठवलं. पायात बाभळीचा काटा गेला होता, हे कुणालाच आठवलं नाही. जयवंती प्रत्येकाला काटा सांगत फिरली. तिनेच सुईने काढला होता. पण नवऱ्याचं झाकणाऱ्या बायकोचं कोण ऐकतं?

घरात बसून चूल पेटत नाही, म्हणून धाकल्या चिकूच्या वाडीत क्रेट उचलायला जाऊ लागला. एका दुपारी भरलेला क्रेट घेऊन वळताना सडक्या चिकूवर पाय पडला आणि तो उताणा आपटला. लागलं काही नव्हतं. उठून बसणार, तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "फिट आली! धरा!"

चार जणांनी हातपाय धरले. एकाने पायातली चप्पल काढून नाकावर दाबली. फिट आलेल्याला चप्पल हुंगवतात, नाहीतर फोडलेला कांदा, हे आपल्याकडे दूधपित्या पोरालाही माहीत. धाकल्या ओरडायला गेला तर तोंडात चपलेची माती. सुटायला धडपडला तर म्हणाले, "बघा कसा झटके देतो! घट्ट धरा!" जेवढा सुटायला बघे तेवढं ते जोर लावत. शेवटी तो दमला आणि मुकाट्याने पडून राहिला.

"उतरली," चपलेचा मालक म्हणाला. "चप्पल लागली म्हणजे उतरतेच."

त्या दिवसापासून धाकल्याला फिट येते हे बघितलेले लोक तयार झाले.

जयवंतीने त्या दुपारचं जानीच्याच तोंडून ऐकलं. धाकल्याने सडक्या चिकूचं सांगितलं. ती नुसती हं म्हणाली. काट्याच्या वेळी ती जवळ होती. चिकूच्या वेळी नव्हती.

वापीला जाऊन त्याने डोक्याची तपासणी केली. केसांमध्ये चिकट काहीतरी लावून वायरी चिकटवल्या, डोळे मिटायला लावले, उघडायला लावले, लुकलुकता दिवा दाखवला. मशीनने कागदावर रेघा काढल्या. रेघांमध्ये काही वाईट निघालं नाही. ते घेऊन तो शाळेत आलेल्या त्याच डॉक्टरांकडे गेला. ह्या वेळी डॉक्टरांनी त्याला खुर्चीवर बसवलं, काय झालं ते विचारलं आणि ऐकूनही घेतलं. कानकोंडे होऊन म्हणाले, "करून देतो नवीन सर्टिफिकेट."

"साहेब, एक मराठीत पण लिहून द्या. पाड्यावर दाखवायचाय."

डॉक्टरांनी आनंदाने दिलं. ठळक अक्षरांत लिहिलं, खाली सही केली, वर गोल शिक्का मारला. धाकल्याने तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि छातीशी धरून आधी शाळेत गेला.

मोठ्या बाईंनी कागद वाचला. "कागद बरोबर आहे, काका. पण पालकांची मीटिंग झाली. सगळ्यांचा विरोध आहे. मी काय करू, सांगा."

"तुम्ही त्यांना हा वाचून दाखवा."

"तुम्ही समजून घ्या," बाई म्हणाल्या. खिडकीतून पिवळी बस दिसत होती. नव्या ड्रायव्हरने पुढच्या काचेला झेंडूची माळ घातली होती.

पाड्यावर पोचला तेव्हा बायका हातपंपावर होत्या. जानीची सून संगिता सातवी शिकलेली. धाकल्याने तिच्याच हातात कागद दिला. "वाच मोठ्यानं. सगळ्यांना ऐकू दे."

संगिताने ओले हात पदराला पुसले आणि वाचलं. "धाकल्या... यांची तपासणी केली. फिट."

पंपाचा दांडा थांबला.

"हां," जानी म्हणाली. "डॉक्टरनी पण तेच लिहिलाय."

"अगं, हा फिट वेगळा!" धाकल्या ओरडला. "हा चांगला फिट!"

"मिरगीत कसला आला चांगला?" जानीने हंडा उचलला. तिच्या आवाजात जरासुद्धा राग नव्हता. "आता तर शिक्का पण हाय. जप बाबा जिवाला. विहिरीच्या काठावर बसू नको."

लायसन मिळालं, पण माणसं बसवायला कुणी गाडी देईना. चिकूच्या वाडीच्या शेठला ड्रायव्हर हवा होता. वाडीतून डहाणू रोडला टेम्पोने क्रेट पोचवायचे. शेठने फिटचं ऐकलं होतं, पण चिकू काही आईला जाऊन सांगत नाहीत. क्रेट उतरवायला हाल्या नावाचा हमाल बरोबर दिला.

पहिल्या दिवशी निघताना जयवंती अंगणाच्या कडेला हाल्याशी काहीतरी हळू बोलली. काय ते धाकल्याला ऐकू आलं नाही. खड्डे आले तसा त्याने जुन्या सवयीने ब्रेक अलगद दाबला. मागे क्रेट होते, झोपलेलं कुणी नव्हतं. शेजारी हाल्या रस्ता सोडून त्याच्या तोंडाकडे बघत बसला होता.

दुपारी दोघं टेम्पोच्या सावलीत जेवायला बसले. धाकल्याने पिशवी उघडली. नागलीची भाकर, सुकटाची चटणी. आणि खाली फडक्यात वेगळा गुंडाळलेला एक अख्खा कांदा. इतकी वर्षं जयवंती भाकरीवर कांद्याची फोड ठेवायची. अख्खा कांदा तिने कधी बांधून दिला नव्हता.

"तुला काय सांगितला तिनं?" धाकल्याने विचारलं.

हाल्या भाकर चावत राहिला. "काय नाय. कांदा कुठं हाय तेवढा सांगितला."

धाकल्याने तो कांदा बुक्कीने फोडला, मीठ लावला आणि सगळा खाल्ला. हाल्याला पाकळीसुद्धा दिली नाही. रात्री जयवंतीने पिशवी धुताना रिकामं फडकं बघितलं.

दुसऱ्या दिवशी पिशवीत दोन कांदे होते. एक खायचा.