चिनी बाईंची हजेरी

आमच्या बाई गोऱ्या, घाऱ्या डोळ्यांच्या, पक्क्या अमेरिकन. पण तिथल्या एडिसन गावच्या लायब्ररीत आम्हा म्हाताऱ्यांचा इंग्रजीचा क्लास भरायचा, तिथे सगळे त्यांना चिनी बाई म्हणत. सहा वर्षं चीनमध्ये शिकवून आलेल्या. तिकडच्या त्यांच्या कॉलेजात हीटर नव्हता म्हणे, आणि थंडीतही खिडक्या उघड्या. म्हणून इथे हीटर चालू असला तरी बाई ओव्हरकोट चढवायच्या आणि आधी खिडकी उघडायच्या. उबेत डोकं झोपतं, असं त्यांचं म्हणणं. आमची डोकी जागी राहिली की नाही ठाऊक नाही, नाकं मात्र वाहायला लागली.

नाकं वाहिली की थर्मास निघायचा. चीनमध्ये सगळ्या दुखण्यांवर गरम पाणी, तेच बाईंनी इकडे आणलं. क्लासातल्या नागपूरच्या वैद्य काकूंनी गुडघ्याचं सांगितलं, गरम पाणी. मुलगा फोन उचलत नाही म्हणाल्या, तरी गरम पाणी. काकू मला म्हणाल्या, "अण्णा, तुमचं ऐकते ती. थोडी चहापत्ती तरी टाकायला सांगा जी."

माझं ऐकायच्या, याला कारण होतं. बाई आत आल्या की मी उठून उभा राहायचो. एवढं माझ्या शाळेनं मला पक्कं शिकवलंय. चीनमध्ये पोरं अशी उभी राहतात म्हणे. अमेरिकेत कोण राहतंय? बाईंना गहिवरून आलं आणि तिकडच्या रीतीनं त्यांनी मला मॉनिटर करून टाकलं. मॉनिटरनं वहीत रोज सगळ्यांची नावं लिहून हजेरी घ्यायची.

इथं माझी गोची झाली. मी सायकली दुरुस्त करत जन्म काढलेला माणूस. मराठी लिहितो-वाचतो, इंग्रजी कानानं उचललंय, पण एबीसीडीशी ओळख नाही. आणि क्लासात सांगून बसलेलो, मॅट्रिक. मराठीत लिहावं तर काकूंनी लगेच ताडलं असतं. चष्मा घरी राहिला, असं दोन आठवडे सांगितलं. मग चित्रं काढली. शेजारी बसणाऱ्या रेड्डींची माकडटोपी, काकूंचा गुडघा.

बाईंनी वही पाहिली. क्लास सुटल्यावर मला थांबवलं, पण रागावल्या नाहीत. चीनमध्ये पहिले काही महिने त्याही अडाणीच होत्या म्हणाल्या. बसची पाटी तळहातावर चितारून घ्यायच्या; एकदा शाई फिसकटली आणि उतरल्या त्या सिमेंटच्या कारखान्यापाशी. खानावळीत चष्मा विसरले असं सांगून शेजारणीच्या ताटाकडे बोट दाखवायच्या; ती शेजारीण रोज कोंबडीचे पंजे खायची, म्हणून महिनाभर यांनीही पंजेच खाल्ले. शेवटी म्हणाल्या, "पुढच्या वेळी चष्मा खिशातून डोकावू देऊ नका."

माझ्या पोरीच्या वयाची बाई मला पकडते! आठवडाभर मी गेलोच नाही. सूनबाईंनी विचारलं, तर म्हटलं, तिथं वारा फार लागतो. पुन्हा गेलो तेव्हा वही माझ्या जागेवर होती, आठवड्याची पानं कोरी. माझ्याशिवाय कुणालाही बाईंनी हात लावू दिला नव्हता. त्या दिवसापासून क्लास सुटला की अर्धा तास, रोज एक नाव. जानेवारी संपेतो क्लासातली चौदाही नावं मला लिहिता आली.

आणि फेब्रुवारीत बाई चालल्या. जुन्या कॉलेजानं वसंताच्या सत्राला बोलावलं होतं. बाहेर गुडघाभर बर्फ, वसंत कुठला? बाई हसल्या. तिकडे वसंताचा सण कडाक्याच्या थंडीत करतात म्हणे, आणि मग कुडकुडत वसंताची वाट बघतात. निघताना मी हात पुढे केला, तो त्यांनी दोन्ही हातांत धरला.

मार्चअखेर लायब्ररीत बाईंचं पत्र आलं. वर ठळक अक्षरांत 'मॉनिटर'. काकूंनी वाचायला हात पुढे केला. मी दिलं नाही. उभा राहिलो आणि अक्षराखाली बोट धरून वाचायला लागलो. पाऊस चालू आहे. वर्गात पोरं कोटात बसतात. खिडकीबाहेर झाडाला फुलं आली आहेत आणि हाताची बोटं थंडीनं अजून सुजलेलीच आहेत. एवढंच. एका पानाला अर्धा तास लागला.

"मॅट्रिकला बराच वेळ लागला जी," काकू म्हणाल्या.

"मॅट्रिक नाही," मी म्हटलं. "चौथी."

काकूंनी माझ्याकडे बघितलं, पत्राकडे बघितलं.

"मग लवकर आटपलं," म्हणाल्या.