पुढचा आवाज

आमच्या गायन पार्टीच्या कॅसेटवर ज्याचा फोटो आहे, त्याचा आवाज त्या कॅसेटमध्ये नाही. आवाज माझा आहे. एवढं लिहायला मला म्हातारपण यावं लागलं, आणि लिहिल्यावरही ते पुरतं खरं वाटत नाही.

पार्टी जमली बहात्तरच्या दुष्काळात. कळंब तालुक्यात आमच्या गावाजवळ पाझर तलावाचं काम निघालं होतं. आम्ही तिघं दोस्त तिथं खडी फोडायला जायचो. त्यातला एकजण फोडता फोडता गायचा, गाणी स्वतःच जुळवायचा. त्याने ओळ म्हटली की मी ती मागून उचलायचो, आणि तिसरा रिकाम्या घमेल्यावर ठेका धरायचा. मुकादम आधी रागवायचा. मग त्याच्या लक्षात आलं की गाणं चालू असलं की हात थांबत नाहीत. पुढं घमेल्याच्या जागी ढोलकी आली, मी पेटी शिकलो, आणि जयंतीच्या दिवसांत पार उमरग्याकडून बोलावणी येऊ लागली. पण रीत तीच राहिली. तो पुढं, मी मागं.

खडीची धूळ त्याच्या छातीत बसली ती बसलीच. वरच्या सुराला हात घालण्याआधी तो बारीकसा खोकायचा. लोकांना ते माहीत झालं होतं. तो खोकला की मांडवातली माणसं सावरून बसायची.

सोलापूरच्या एका कॅसेटवाल्याने आम्हाला बोलावलं, आणि त्याच उन्हाळ्यात आमचा गाणारा दोस्त वारला. ढोलकीवाला मला म्हणाला, "गाणी त्येचीच हायती. आता तू म्हण." मी हो म्हणालो. फार पटकन म्हणालो का? त्या क्षणी मला नुसतं दुःखच होतं, असं मी कित्येकांना सांगितलं आहे. आता तसं ठामपणे सांगता येत नाही.

गावात दूध संस्थेच्या सचिवांकडे तेवढा टेपरेकॉर्डर होता. विहारातल्या एका कार्यक्रमात त्यांनी त्याची गाणी भरून घेतली होती. त्याचा आवाज असलेली ती एकच टेप. दुपारी दुधाची गाडी गेली की मी संस्थेच्या खोलीत बसून ती ऐकायचो आणि श्वास कुठं घ्यायचा, कुठं थांबायचं ते बसवायचो. एक दिवस वाटलं, आपलं कसं येतंय ते एकदा ऐकावं. शेजारी कोरी कॅसेट पडली होती. ती आत घातली असं मला आठवतं. तांबडं बटण दाबून सगळी गाणी ओळीने म्हटली. ऐकायला लावलं, तर माझं म्हणणं संपलं तिथून पुढं त्याच्या शेवटच्या ओळीचा तुकडा, आणि टाळ्या. कोरी कॅसेट टेबलावर तशीच होती.

सचिवांना मी टेप गुंतून तुटली म्हणून सांगितलं. ढोलकीवाल्यालाही खरं सांगितलं नाही.

सोलापुरात मी गायलो, ढोलकीवाल्याने ठेका सांभाळत मागून ओळी उचलल्या. प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं, तसं त्याचं यायचं. तिथं माझं नाव घालणं म्हणजे चोरीच. म्हणून त्याचंच ठेवलं. पार्टीचा एकच फोटो होता, त्यात तो मधोमध. कॅसेटवाल्याने आम्हाला दोघांना कापून त्याला तेवढं ठेवलं, आणि तो वारल्याचं कुठंच छापलं नाही.

कॅसेट आल्यावर काही दिवसांनी त्याची बायको कळंबच्या बाजारातून थेट माझ्या दारात आली. स्टँडजवळच्या दुकानात तिने ऐकली होती. कॅसेट पदरात धरून उभी राहिली. "भावजी, ह्ये त्यांनी कवा म्हटलं?"

तिथंच सांगायला हवं होतं. पण मग तिने खऱ्या टेपचं विचारलं असतं.

"जायच्या आधी," मी म्हणालो.

"मला वाटलंच. खोकले न्हाय का मधी."

मी गाताना खोकलो होतो हे मला तिच्याकडून कळलं. मुद्दाम खोकलो का? खडी तर मीही फोडली होती.

गेल्या महिन्यात तिच्या नातीने ती कॅसेट मोबाइलमध्ये भरून आणली. त्याच्या पुण्यस्मरणाला विहारात लावायची होती. मी वैनींच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, घरी गेलो आणि सगळं सांगितलं, टेपचंसुद्धा. वैनींनी ऐकून घेतलं, मग नातीला गाणं लावायला सांगितलं.

"भावजी, तुमी लई थकलाव," त्या म्हणाल्या. "पुढं म्हणत्यात ते आमचं ह्ये. मागून म्हणताव ते तुमी."

"मागून ढोलकीवाला हाय, वैनी."

"त्येला कवा गाता येत हुतं?"

नात हसली. ढोलकीवाल्याला गाता येत नव्हतं ही गोष्ट खरी. मी कान देऊन ऐकलं. मागचा आवाज पुढच्याची ओळ पुरी व्हायच्या आतच ती धरत होता. ही माझी खोड. त्यावरून त्याने मला किती वेळा शिव्या घातल्या होत्या. पण सोलापुरात माइकसमोर मीच उभा होतो, हेही मला आठवतं. ढोलकीवाला असता तर विचारलं असतं. तोही आता नाही.

"त्या दिशी पुढं बसा," वैनी म्हणाल्या. "त्यांचा आवाज ऐकून तरी जावा."

मी गेलो. विहारात गाणं लागलं. वरच्या सुराआधी तो खोकला आला, आणि त्याला कधीच न ऐकलेली तरणी पोरंसुद्धा सावरून बसली. वैनींनी डोळे मिटले. पुढची ओळ पुरी व्हायच्या आत मी ती मागून धरली होती.