चालू मशीनची पूजा

घरात कुठलंही डबडं बिघडलं की ते माझ्या पुढ्यात येऊन पडतं. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, एवढाच माझा गुन्हा. टीव्हीचा रिमोट, शेजारणीचा मोबाइल, एकदा तर कुणीतरी इस्त्रीसुद्धा आणून ठेवली होती. म्हणून त्या खंडेनवमीला धाकटी जाऊ लॅपटॉप छातीशी धरून स्वयंपाकघरात आली, तेव्हा मी आधी खेकसलेच, "सणाचं तरी सुखानं भाकरी थापू दे की गं बाई!" मग तिचा चेहरा बघितला आणि गॅस बंद केला.

जाऊ तेलुगू विणकरांच्या घरातली. दिरानं तिच्याशी प्रेमविवाह केला. टॉवेल-चादरींची नक्षी ती लॅपटॉपवर चौकटी चौकटी भरून तयार करते. तोवर दुसऱ्यांच्या हाताखाली करत होती. दसरा झाला की पहिल्यांदाच एक कारखानदार तिची स्वतःची डिझाइनं बघायला बोलावणार होते. पसंत पडली तर काम तिच्या नावावर. आणि ती सगळी डिझाइनं त्या एका लॅपटॉपात! बॅकअप घे, बॅकअप घे म्हणून माझं तोंड दुखलं होतं. "हो अक्का, उद्या घेते." तो उद्या काही उजाडला नाही.

झालं होतं असं. आमचे सासरे, त्यांना आम्ही मामा म्हणतो, सगळी हयात कापड कारखान्यात माग दुरुस्त करत आले. खंडेनवमीला माग थांबवायचा, पुसायचा, त्यावर विभूतीची तीन बोटं ओढायची, अक्षता टाकायच्या, ही त्यांची रीत. चालत्या मागाची पूजा कुणी करत नाही. कारखाना सुटला तरी रीत कशी सुटेल? घरातले पान्हे, पक्कड, माझं शिलाई मशीन, दिराची मोटारसायकल, सगळ्यांना विभूती लागते. त्या सकाळी त्यांना टेबलावर लॅपटॉप दिसला. त्याचा दिवा लुकलुकत होता. मामांनी भिंतीवरचं बटण बंद केलं. लॅपटॉपच्या बॅटरीनं केव्हाच राम म्हटलेला, तो नुसता प्लगवर जगायचा. आणि नेमकं तेव्हाच आत अपडेट चाललं होतं. आता चालू केला की पडद्यावर एक गोल फिरायचा, मग निळा पडदा यायचा आणि पुन्हा तोच गोल.

मामा दारात उभे होते. "मशीन चालू ठिवून पूजा करत्यात व्हय?" त्यांनी मलाच विचारलं. "म्हणून थांबवलं की. काय चुकलं माजं?"

मी बडबडले. त्यात अपडेट, सिस्टीम, असलं काहीबाही होतं. त्यांना काय कळणार? जाऊ मात्र लॅपटॉप उचलून खोलीत गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. मामांनी ताट सरकवलं, "भूक न्हाय" म्हणाले आणि अंगणात जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी दसरा, घरात पुरणपोळी, तरी तेच, भूक न्हाय. मला तर दोघांचाही राग आला होता.

नवरा म्हणाला, दुकानात टाक. दुकानवाला "फॉरमॅट मारून देतो" म्हणणार, मला माहीत नाही का? घर झाडायला सांगावं आणि त्यानं भांडीकुंडीसुद्धा उकिरड्यावर टाकावीत, त्यातली गत. दुपारचं आवरून मीच पदर खोचला. लॅपटॉपची सिस्टीम मोडली होती, पण आतल्या फायली शाबूत असण्याची आशा होती. एका जुन्या, छोट्या बाहेरच्या डिस्कवर मी माझ्या कॉम्प्युटरवरून दुसरी सिस्टीम घातली. आता लॅपटॉपला तिच्यावरून उठवायचं होतं.

"दाराची किल्ली मोडलीय," मी जाऊला म्हणाले, "आपण खिडकीतून आत शिरतोय."

"अक्का, आत सगळं असेल ना?"

"मी काय ज्योतिषी आहे?" म्हटलं आणि डिस्क उचलली.

डिस्कची पिन आत जाईना. टॉर्च मारून बघते तर भोकात कुंकवानं लाल झालेला तांदूळ! काढायला गेले तर मोडून आणखी आत गेला. नशीब, लॅपटॉपला तसलं दुसरं भोक होतं. तिथं डिस्क लावली, सुरू होताना बटण दाबून त्याला सांगितलं, बाबा रे, आज बाहेरून ऊठ. आणि उठला! जाऊचं फोल्डर दिसलं. पण फायली काढून ठेवायच्या कुठं? डिस्क भरलेली, पहिल्या भोकात तांदूळ. मग घरच्या नेटवर्कवरून माझ्या कॉम्प्युटरवर पाठवायच्या ठरवल्या. त्या परक्या सिस्टीमला वायफाय ओळखू येईना, म्हणून हॉलमधल्या राउटरला केबल जोडली. केबल आखूड, त्यामुळे लॅपटॉप तिथंच जमिनीवर ठेवून पुन्हा उठवावा लागला. तिथला लाइटचा बोर्ड असा सैल, की कुणी नुसतं शिंकलं तरी प्लग निसटावा.

तसा तो निसटलाच. पडदा काळा झाला. जाऊनं तोंडावर हात ठेवला.

"मी धरतो," मामा म्हणाले. केव्हा आत येऊन उभे राहिले होते कुणास ठाऊक. पाट ओढून बसले आणि प्लग बोर्डात दाबून धरला. मी सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. फायली एकेक करून निघाल्या. लाइट जाऊ नये म्हणून मी मनातल्या मनात सिद्धेश्वराला हात जोडत होते.

"मामा, हात अवघडेल. बदला की."

"तू तुजं बघ. ह्ये आता सुटत न्हाय."

शेवटची फाइल आली. जाऊनं माझ्या कॉम्प्युटरवर एकेक उघडून बघितली. वेली, मोर, कमळं, सगळी जागच्या जागी. ती रडायला लागली. मीही रडले, उगाच कशाला लपवू?

"आलं का समदं?" मामांनी तिकडून विचारलं. प्लग अजून धरलेलाच.

जाऊ उठून स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, राग अजून आहेच. ती ताट वाढून घेऊन आली. मामांच्या पुढ्यात बसली, त्यांची बोटं प्लगवरून सोडवली आणि म्हणाली, "मामा, ऊटा माडरी."

जेवा, असं. मामा मूळचे अक्कलकोटकडचे, त्यांची भाषा कानडी. सासूबाई गेल्यापासून त्यांना त्यांच्या भाषेत जेवायला कुणी बोलावलं नव्हतं. माझ्या माहेरी, मंगळवेढ्यात, सगळी मराठीच बोलतात. ह्या तेलुगू पोरीनं ते दोन शब्द कुठून मिळवले, देव जाणे.

मामांनी तिच्याकडे बघितलं. पोळीचा घास मोडला, पण स्वतःच्या तोंडात घातला नाही. तो तिच्यापुढे धरला.

"नीनू माडव्वा," ते म्हणाले. तूही जेव गं पोरी.

कालपासून तीही जेवली नव्हती. एवढ्या घरात ते त्यांच्या एकट्याच्या ध्यानात आलं होतं.