अण्णांच्या नावावरचं माझं कार्ड

बँकेतल्या साहेबांच्या टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. एकीवर अण्णा बसले. दुसरीवर त्यांनी आपली पिशवी ठेवली. कार्ड माझं निघायचं होतं आणि मी उभी होते. साहेबांनी दोन चहा मागवले.

साल दोन हजार पाच. रत्नागिरीला कॉलेजात मी शेवटच्या वर्षाला होते, मासळीचं शास्त्र शिकत होते. पुढचं शिक्षण परदेशात घ्यायचं डोक्यात पक्कं बसलं होतं. त्यासाठी एक परीक्षा द्यावी लागायची. तिची फी इंटरनेटवरून भरायची, तीही फक्त क्रेडिट कार्डाने. मग विद्यापीठांच्या अर्जांची फी, तीसुद्धा तशीच. वर्गातली मुलं बापाच्या कार्डाचा नंबर टाकून मोकळी झाली. आमच्या बौद्धवाडीत तेव्हा कार्ड ही चीज कुणी हातात धरलेली नव्हती. माझे बाबा अण्णांच्या कलमांत गडी. फवारणी, आंबे काढणं, पेट्या भरणं, आणि भातशेतीची वेळ आली की भात. आई त्यांच्याकडेच धुणं आणि सारवण करायची.

मी चौकशी करून आले होते, हे आधीच सांगते. नाहीतर लोक म्हणतात, बिचारीला कळत नव्हतं म्हणून अडकली. मला कळत होतं. विद्यार्थ्याला कमाई नसते, म्हणून बँक त्याला सरळ कार्ड देत नाही. मग दोन वाटा उरतात. शिष्यवृत्तीचे साठवलेले पैसे ठेव म्हणून ठेवायचे आणि त्या ठेवीवर आपल्या नावाचं कार्ड घ्यायचं, ही एक. ज्याच्याकडे आधीच कार्ड आहे त्याने स्वतःच्या खात्याला जोडून आपल्याला दुसरं काढून द्यायचं, ही दुसरी. मला पहिली हवी होती. पण अण्णांच्या कानावर घातल्याशिवाय आमच्या घरात पान हलत नव्हतं. बाबांनी घातलं, आणि अण्णा स्वतःच माझ्याबरोबर बँकेत यायला निघाले.

“सर, मला ठेवीवरचं कार्ड हवंय,” मी उभ्यानेच म्हटलं.

साहेबांनी माझ्याकडे नाही, अण्णांकडे बघितलं. अण्णा हसले.

“हिचे पैसे म्हणजे सरकारचेच हो. ते कशाला अडकवायचे? माझ्या खात्याला जोडून टाका.”

“जोडून घरच्यांनाच देता येतं, अण्णा. नातं काय लिहू?”

“लिहा काहीतरी. घरातलीच आहे.”

घरातली! त्या घराच्या ओटीवर मी जन्मात पाय ठेवला नव्हता. आमचे कप वेगळे, घरापुढच्या खळ्याच्या कडेला भिंतीतल्या कोनाड्यात पालथे घातलेले. चहा वरून ओतायचे. एकविसावं शतक लागलं, अण्णांच्या पोराने घरात कॉम्प्युटर आणला, कप तिथेच. आणि बँकेच्या कागदावर मी घरातली झाले. साहेबांनी लिहिलं. मला बाबांचा चेहरा आठवला आणि मी सही केली.

कार्ड आलं. इंग्रजी अक्षरांत माझं नाव, उठावाचं. मी त्यावरून बोट फिरवून बघितलं. आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. परीक्षेची फी त्याच दिवशी भरली.

मग पहिलं बिल आलं. अण्णांच्या पत्त्यावर. मी पैसे रोख घेऊन गेले होते. कॉलेज सुटल्यावर मी शिकवण्या घ्यायचे, त्यातले. अण्णांचा एक रुपया मी कधी ठेवला नाही, हे लक्षात असू द्या. म्हटलं, बिल द्या, आकडा बघते आणि पैसे देते. अण्णांनी चष्मा लावला. ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून मोठ्याने वाचायला लागले. शनिवारची संध्याकाळ होती. खाली खळ्यात गडीमाणसं चहाला बसलेली.

“परीक्षा. बरं. पुस्तकांचं दुकान. बरं. चपलांचं दुकान, तीनशे नव्वद!” चष्म्यावरून त्यांनी खाली बघितलं. “चपलेला एवढे? तुझी आई अनवाणी फिरते गो आमच्या कलमांतून.”

सगळे हसले. बाबाही हसले. बाबांचं ते हसणं मला अजून टोचतं.

पुढे दर महिन्याला तेच. बिल हातात मिळायचं नाही, ऐकायचं. मी खाली उभी, अण्णा वर झोपाळ्यावर. कुठल्या हॉटेलात खाल्लंस, कुणाबरोबर, पुरुषांच्या कपड्यांच्या दुकानातून काय घेतलंस? बाबांच्या वाढदिवसाला घेतलेला शर्ट होता तो. बाबांना द्यायच्या आधी तो साऱ्या खळ्याला माहीत झाला. आणि तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. रविवारीही बाबांना फवारणीला बोलावणं यायला लागलं. गणपतीत आईला दोन दिवस जास्त. बाबा कुरकुरले की अण्णा प्रेमाने म्हणायचे, “पोरीला कार्ड दिलंय ना रे आपण?”

मी कार्ड परत करू शकत होते. का नाही केलं? अर्ज राहिले होते. डिसेंबर संपेपर्यंत तीन विद्यापीठांची फी भरायची होती. एकदा अर्ज गेले की सुटले, असं दर महिन्याला मनाला सांगायचे. मासळी जाळ्यात शिरताना सहज शिरते, बाहेर मात्र येत नाही, हे आम्ही वर्गात शिकलो होतो. मी शिकले होते आणि तरी आत होते. घुसमट व्हायची. वस्तू हातात घेतली की आधी मनात अण्णांचा आवाज ती वाचायचा. मग मी ती परत ठेवायचे.

परीक्षा मुंबईला होती. त्या सकाळी पाळी आली, चार दिवस आधीच. पर्समध्ये फक्त एसटीच्या परतीचे पैसे होते. मेडिकलवाला म्हणाला, कार्ड दोनशेच्या खाली चालणार नाही. मी दोन पाकिटं घेतली, वर पोटदुखीची गोळी. परीक्षेला बसले. पेपर चांगला गेला.

नोव्हेंबरात ते बिल आलं. खळ्यात भाताची झोडणी चालली होती. वाडीतल्या बायका, बाप्ये, सगळे. बाबा हातात पेंढी घेऊन उभे.

“मेडिकल, मुंबई. दोनशे सहा.” अण्णा थांबले. “काय गो, आजारी होतीस?”

“नाही.”

“मग काय घेतलंस?”

मी हातातले बिलाचे पैसे पुढे केले.

“कार्ड माझ्या खात्यावरचं आहे. माझ्या नावावर काय काय चढतंय ते मला कळायला नको? मुंबईला एकटी गेली होतीस. पोरी मेडिकलात जाऊन काय घेतात हल्ली, ते आम्हालाही ठाऊक आहे.”

झोडणी थांबली. एक बाप्या खाली मान घालून हसला. मी बाबांकडे बघितलं. वाटलं, आता तरी बोलतील. बाबा म्हणाले, “बाय, काय तां सांगून टाक. उगाच कशाला?”

त्या क्षणी माझ्यात काहीतरी सरळ उभं राहिलं. राग म्हणा. मला तो शब्द चालतो.

“पॅड घेतले. पाळीचे. दोन पाकिटं.” मी खळ्याच्या त्या टोकाला ऐकू जाईल असं म्हटलं. “आणि पोटदुखीची गोळी.”

“शी शी! लाज आहे का काही? चारचौघांत?”

“चारचौघांत तुम्ही विचारलंत.”

मी पायऱ्या चढले. ओटीवर गेले. मागून आईचा आवाज आला, “गो, वर जाव नको!” मी झोपाळ्यासमोर उभी राहिले आणि अण्णांच्या हातातून बिल काढून घेतलं. अण्णा इतके गोंधळले की त्यांनी ते धरून ठेवलंच नाही.

“घरातलीच आहे ना मी? तुम्हीच बँकेत लिहायला लावलंत.”

बिलाचे पैसे झोपाळ्यावर ठेवले. त्यावर कार्ड ठेवलं. खाली उतरले.

घरी येताना बाबा चार पावलं पुढे चालत होते. वाडीच्या वळणावर थांबले.

“उद्या जाऊन पाया पड. अण्णांचा राग ऱ्हात नाय.”

“नाय पडणार.”

“तुजा अर्ज जायचा हाय. कार्ड नाय तर कसा जायचा?”

“नाय गेला तर नाय गेला.”

“आणि माजा काम?”

झोडणी संपल्यावर अण्णांनी बाबांना बोलावलं नाही. आईलाही नाही. बाबा पुढे मिळेल त्या बागेत रोजंदारीला जायला लागले. त्याचा दोष ते मला द्यायचे, आणि त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

मी एकटीने बँकेत जाऊन शिष्यवृत्तीच्या ठेवीवरचं कार्ड मागितलं. मिळालं, पण उशिरा. अर्जांची मुदत उलटून गेली होती. परदेश तेव्हा हुकला तो कायमचाच. पुढच्या वर्षी घरात माझ्या पगाराची गरज होती.

कॉलेजातल्या मॅडम म्हणाल्या, “एकच महिना राहिला होता गं. एकदा ऐकून घ्यायचं.” मैत्रिणीही तेच म्हणाल्या. शहाणी माणसं अजून म्हणतात. माझं नुकसान किती झालं ते मला त्यांच्याहून जास्त माहीत आहे. कधीकधी रडूही येतं. पण मी काय घेते, काय घालते, माझ्या अंगाला काय लागतं, याची हजेरी मी पुन्हा कुणाच्या दारात उभी राहून देणार नाही. कितीही मोठं काही मिळत असेल तरी नाही. आणि उद्या पुन्हा कुणी चारचौघांत विचारलं, काय घेतलंस, तर पुन्हा तेच सांगेन. त्याहून मोठ्या आवाजात.