सुईएवढी भूल

जगात माणसं दोनच प्रकारची असतात, उपाशी आणि जेवलेली, अशी आमच्या भुलीच्या डॉक्टरांची पक्की समजूत होती. ऑपरेशनआधी पोट रिकामं लागतं, तेव्हा पेशंटला "शेवटचं कवा जेवला?" विचारणं बरोबरच. पण हे गृहस्थ लग्नाच्या मांडवात नवरदेवालाही तेच विचारत. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले, तर ती पोह्यांच्या बशा ठेवून वळताच खूश होऊन म्हणाले, "पाठ लय चांगली हाय. मणके कसे मोजून घ्यावेत!" मुलीचे मामा उठून उभेच राहिले. सुई पाठीतच टोचायची असल्याने त्यांना माणसाची पाठ तोंडाआधी दिसे, हे त्या मामांना कोण सांगणार? इस्लामपूरच्या आमच्या प्रसूतिगृहात मी एकवीस वर्षं सिस्टर होते, आणि त्यांच्या वतीने माफी मागण्यात माझी त्यातली निम्मी वर्षं गेली असतील.

अख्खा तालुका त्यांना 'भूलवाले' म्हणे, पण ऑपरेशनच्या खोलीत 'भूल' शब्द काढायची सोय नव्हती. "भूल म्हंजे चूक, सिस्टर. आपण बधिर करतो." कळा सोसवेनात तेव्हा पाठीत बारीक नळी बसवून औषध सोडतात. ते मज्जारज्जूभोवतीच्या पडद्याच्या बाहेर राहतं आणि कधी कधी एकाच अंगाला धावतं. म्हणून डॉक्टर नळी बसवण्याआधी त्या पडद्याला केसाएवढ्या सुईने एक टोचा देत. मी कारण विचारलं, तर त्यांना त्यांचा दुष्काळी माण तालुका आठवला. "आमच्याकडं पाणी कमी. नुसतं सोडलं तर एकाच सरीत पळतंय. बांधाला बारीक भोक पाडा, पलीकडंबी पाझरतंय, सगळा वाफा भिजतो." मग थर्मासमधून बर्फाचा खडा काढून तो पेशंटच्या पोटावर, मांडीवर टेकवत विचारायचे, "गार लागतंय का?" नाही म्हटलं की स्वारी खूश. मात्र हाच टोचा चुकून जाड सुईने बसला, तर डोकं उठतं. तरुणपणी त्यांच्या हातून एकदा तसं झालं होतं, आणि ते त्या बाईकडे म्हसवडला आठ दिवस रोज जाऊन बसले होते.

माझी लेक दुसऱ्या खेपेला आमच्याकडेच आली. जावई फौजेत, सीमेवर. पहिल्या खेपेला घाईघाईत तिला पूर्ण झोपवून सिझेरियन करावं लागलं होतं. बाळ राहिलं नाही. जागी झाल्यावर तिने एवढंच विचारलं होतं, "आई, रडलं का गं ते?" या वेळी तिने डॉक्टरांचा हात घट्ट धरला. "काका, काय बी करा, पन मला झोपवू नका. मला ऐकायचंय."

दुपारी त्यांनी नळी बसवली. अर्ध्या तासाने बर्फ टेकवला. डावीकडे काही कळत नव्हतं. उजवीकडे टेकवताच ती किंचाळली, "लागतंय! समदं लागतंय!" तेवढ्यात बाळाचे ठोके उतरले आणि पुन्हा सावरले. बाळंतपण करणाऱ्या डॉक्टर मॅडम माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तासाभरात सिझेरियन करावं लागेल असं दिसतंय. औषध असंच एका बाजूला राहिलं, तर झोपवावं लागेल."

डॉक्टर भिंतीकडे तोंड करून उभे होते. वळले तेव्हा चेहरा पांढराफटक. "सिस्टर, माझी भूल झाली."

हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

"तुमची पोरगी म्हनून हात धजला न्हाई. पडदा टोचलाच न्हाई मी."

मला इतका संताप आला की थर्मास उचलून त्यांच्या डोक्यात घालावासा वाटला. इतकी वर्षं परक्यांच्या लेकींना टोचलंत, आणि माया नेमकी आत्ताच आडवी यावी? पण बोलले एवढंच, "आता परकी समजून टोचा."

जुनी नळी काढली. मी लेकीचे खांदे धरून तिला पोटाशी वाकवलं. दोन कळांच्या मध्ये जेमतेम मिनिटभर ती स्थिर राहायची. तेवढ्यात जाड सुई पडद्याच्या अलीकडेपर्यंत गेली, तिच्यातून केसाएवढी सुई, आणि तिच्या बाहेरच्या टोकाशी पाण्याचा एक थेंब चमकला. पडदा टोचला गेला होता. नवी नळी बसली, औषध गेलं. ठोके पुन्हा उतरले, पुन्हा सावरले. बर्फ. "लागतंय." पुन्हा बर्फ. "थोडं थोडं." डॉक्टरांच्या मनगटावरून पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. तिसऱ्यांदा त्यांनी उजवीकडे खडा टेकवला, तर ती म्हणाली, "टेकवा की काका, कशाची वाट बघताय?"

त्यांनी तो खडा थर्मासमध्ये टाकून झाकण लावलं.

ठोके तिसऱ्यांदा उतरले तेव्हा मॅडम थांबल्या नाहीत. त्याच नळीतून डॉक्टरांनी औषध वाढवलं, आणि लेक टक्क जागी असताना नात जन्मली. क्षणभर आवाजच नाही. लेकीचे डोळे माझ्यावर. मग नातीने असा सूर लावला की बाहेरचा वॉचमन आत डोकावला. लेक हसत रडत होती, मी नुसतीच रडत होते. डॉक्टरांनी हळूच विचारलं, "सिस्टर, शेवटचं कवा जेवला?" तेव्हा लक्षात आलं, सकाळपासून पोटात काही नव्हतं.

आता त्यांचा हात थरथरतो. सुई ठेवली त्याला तीन वर्षं झाली. परवा घरी आले, तर नातीने सरबतातला बर्फ काढून त्यांच्या हातावर ठेवला आणि दटावून विचारलं, "गार लागतंय का?"

"लागतंय गं," ते म्हणाले. खडा विरघळेपर्यंत त्यांनी हात मागे घेतला नाही.