एकोणतीस सह्या

माझ्या भावाच्या मुलीला घरात सगळे ‘प्रश्नपत्रिका’ म्हणतात. सहा वर्षांची असताना दात काढायला नेलं, तर तिने डॉक्टरांना विचारलं होतं, दात माझा आहे, मग काढू का म्हणून आईला का विचारता? अशी मुलगी पीएचडी करणार हे तेव्हाच ठरलं. विषय असा, की ऑपरेशनआधी संमतीपत्रावर सही करणाऱ्याला त्यातलं काय कळतं. भाऊ म्हणाला, काही कळत नाही, झाली पीएचडी, आता नोकरीचं बघ.

तिला तीस रुग्णांच्या मुलाखती हव्या होत्या. त्याआधी प्रत्येकाने तिच्याही चार पानी संमतीपत्रावर सही करायची. त्या त्या वॉर्डातले डॉक्टर तिला खाटेपाशी नेत, ‘या आपल्याच’ म्हणत, आणि माणसं मुकाट सही करत. अशा एकोणतीस झाल्या. सातवी माझी, मोतीबिंदूच्या वेळची. वाचलं कोणी? प्रबंध द्यायला तीन आठवडे उरले होते.

तिसावे निघाले निवृत्त मुद्रितशोधक, गुडघा बदलायला आलेले. त्यांनी चष्मा पुसला, पेन्सिल मागून घेतली आणि चारही पानं तासभर वाचली. दोन स्वल्पविराम घातले. मग ‘स्वेच्छेने’ या शब्दाखाली रेघ मारून म्हणाले, “बाई, उद्या हेच डॉक्टर माझा गुडघा कापणार. ते इथे उभे असताना मी तुम्हाला नाही कसं म्हणू?”

डॉक्टर हसले. ही नाही हसली.

भाऊ म्हणाला, कोण बघतंय, दे दामटून. मीही तेच म्हणाले, खोटं कशाला बोलू? तिने ऐकलं नाही. मार्गदर्शकांची बोलणी खाऊन सहा महिन्यांची मुदत घेतली आणि एकटीच घरोघर पुन्हा विचारायला निघाली. चौघांनी दारातूनच नाही म्हटलं. एका बाईंनी चहा पाजून नाही म्हटलं. प्रत्येक नकार ती बक्षीस मिळाल्यासारखा सांगत येई.

शेवटी कागद माझ्यापुढे आला. या वेळी मी वाचला. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं, मुलाखतीचं रेकॉर्डिंग परीक्षक ऐकतील. सुनेबद्दल मी काय काय बोलले होते ते मला आठवलं.

“नाही,” मी म्हणाले.

“आत्या, नाही म्हणताना माझी भीड वाटली?”

“तुझी? तुझं नाक पुसलंय मी.”

तिने सातवी सही खोडली. इतकी खूश दिसली, की क्षणभर वाटलं, द्यावी करून.